पंख्याखालून उत्तर

मागच्या रविवारी मी इथे लिहिलं होतं की कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी जोडण्याचं शास्त्र शिकवणारं एम.टेक. करावं, निदान ज्यांना एका मशीनच्या पलीकडचं काम करायचंय त्यांनी तरी. त्यावर 'सातपूरकर' या नावानं एक प्रतिक्रिया आली. सगळ्यांनी खाली जाऊन वाचली नसेल, म्हणून इथे देतो.

"प्रोफेसर साहेब, पंख्याखाली बसून असले लेख लिहिणं सोपं असतं. माझ्याकडे १४ मशीन आहेत, अर्ध्या २० वर्षं जुन्या, त्यांना जोडायला पोर्टच नाही. आयटीआयची पोरं सहा महिन्यांचा पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) कोर्स करून येतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. एम.टेक. करून फी किती जाते आणि नाशकात नोकरी कुठे मिळते, यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. आणि मॉडबस टीसीपीचं पोर्ट ५०२ असतं, ५२० नाही."

शेवटचं आधी. मॉडबस टीसीपी ही यंत्रांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायची पद्धत, आणि तिचा ठरलेला दरवाजा क्रमांक म्हणजे हे पोर्ट. ५०२ बरोबर. टाइप करताना आकडे उलटे पडले, लेखात दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे माझ्याबद्दल इतरत्र वेगळं लिहिणाऱ्यांनीही बघून ठेवावं.

आता पंखा.

मी प्रोफेसर नाही. एका कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवायला जातो, तासावर पैसे मिळतात, तेही सेमिस्टर संपल्यावर. बाकी आयुष्य एमआयडीसीत गेलंय. २००३ साली डिप्लोमाचा निकाल लागला आणि पंधराव्या दिवशी मी अंबडला एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू भट्टीत तापवून कणखर करायच्या, शेडमध्ये ट्रेनी म्हणून उभा होतो. उभा म्हणजे अक्षरशः उभा, कारण ट्रेनीला स्टूल नव्हतं. वडीलही सातपूरला कामगारच होते, सिडकोतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहायचो, आणि घरात फर्स्ट शिफ्ट-नाइट शिफ्ट हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. हे सांगायची माझी इच्छा नव्हती. तुम्ही सांगायला लावलंत.

त्या शेडमध्ये पंखा होता, एकच, पेडस्टलचा. त्याचं तोंड पॅनेलच्या उघड्या दाराकडे केलेलं असायचं, कारण आतला ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं उपकरण, तापून ट्रिप व्हायचा, बंद पडायचा. माणूस ट्रिप झाला तर चालायचं. मे महिन्यात भट्टीचं दार वर गेलं की भुवया करपल्याचा वास यायचा, आणि आम्ही दोघं-तिघं आळीपाळीनं पॅनेल बघायचं निमित्त करून त्या वाऱ्यात एक मिनिट जाऊन यायचो. तेव्हा पंखा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, हात जोडून विनंती.

आणि जोडणीचं म्हणाल, तर तीही मी पुस्तकातून शिकलो नाही. त्याच भट्टीचं तापमान कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा वायर मीच ओढली. कंट्रोलरवर सेट पॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, ८५० आणि आमच्या पडद्यावर -०.००. उणे शून्य! मालक म्हणाले, बर्फाचा कारखाना काढला काय रे? दोन दिवस केबल तपासली, अर्थिंग तपासलं. मग आमच्याकडच्या आयटीआयच्या एका मुलानंच सांगितलं की दोन रजिस्टर उलटी लावून बघा. रजिस्टर म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं, दशांशाचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत बसतो. पुढचं आधी की मागचं आधी, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. क्रम बदलला आणि ८५० उमटलं. तेव्हा आयटीआयच्या पोरांना मी कमी लेखतो असा जो सूर तुमच्या लिहिण्यात आहे, तो कृपा करून मागे घ्या. तो कोर्स करू नका असं मी कुठे लिहिलंय? ओळ दाखवा.

पण मला जे जमलं नाही तेही सांगतो. नंतर मी दुसऱ्या एका ठिकाणी होतो, नाव घेत नाही. असेंब्ली लाइन, दर ४८ सेकंदांना एक नग. एका जागी बारकोड स्कॅन व्हायचा, तिथेच बोल्ट आवळला की टूल टॉर्कचा, म्हणजे तो किती जोरानं आवळला त्याचा, आकडा नोंदवायचं. स्कॅनरचा कॉम्प्युटर वेगळा, टूलचा कंट्रोलर वेगळा. वेळ जुळवून दोन्ही नोंदी एकत्र करायच्या, अशी जोडणी होती. दोन्ही यंत्रं चोख चालत होती. फक्त दोघांची घड्याळं हळूहळू सरकत चार मिनिटांनी वेगळी झाली. चार मिनिटं म्हणजे बरोबर पाच नग. प्रत्येक नगाच्या नावावर पाच नगांपलीकडच्याचा टॉर्क चढत गेला, आणि रिपोर्ट हिरवागार. गिऱ्हाइकाकडून तक्रार आली तेव्हा सैल बोल्टाचा नग आमच्या रेकॉर्डमध्ये पास होता. सगळा लॉट परत आणून हातानं तपासला. तीन रात्री. ती जोडणी मी केली होती, सातपूरकर. शॉप फ्लोअरवर नऊ वर्षं काढून झाल्यावर केली होती.

सगळ्यांना एकाच घड्याळाची वेळ द्यायची, आणि त्याहून मुख्य म्हणजे मुळात वेळेवर विसंबायचंच नाही, टॉर्कच्या नोंदीतच नगाचा नंबर घालायचा, हे उत्तर आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा सुचलं नाही, कारण मी एकेक मशीन ओळखत होतो, दोन मशीनींच्या मधली जागा कुणाच्याच कामात बसत नव्हती. एम.ई.ला, म्हणजे एम.टेक.च्याच तोडीच्या पदवीला, प्रवेश घेतला तो त्यानंतर, मुलगी दोन वर्षांची असताना. नेटवर्क, कंट्रोल, स्टॅटिस्टिक्स हे तिथे वेगवेगळे विषय म्हणून शिकवले, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ते एकाच लाइनवर एकमेकांशी भांडताना बघितले. तो माझा पुरावा. तुम्हाला पुरत नसेल तर नाइलाज आहे.

आणि ५०२ तुम्हाला इतकं पाठ आहे, तर हेही माहीत असेलच की १९७९ साली मोडिकॉन कंपनीनं मॉडबस काढला तेव्हा त्यात पासवर्ड नावाची गोष्टच ठेवली नव्हती. तुमच्या ऑफिसचं वायफाय आणि मशीनींचं नेटवर्क एकच असेल, तर चहावाल्याच्या मोबाइललासुद्धा त्या पोर्टावरून रजिस्टर बदलता येईल. हे सहा महिन्यांच्या कोर्सात शिकवतात का, तुम्हीच सांगा. मी विचारतोय, टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

जुन्या मशीनींना पोर्ट नसतं हे खरं. मोटरच्या वायरवर करंट सेन्सर अडकवा, मशीन चालू की बंद ते कळतं. त्यावर पानभर लिहिण्यासारखं काही नाही.

फी कॉलेजागणिक बदलते, वेबसाइटवर असते. गेट ही प्रवेशपरीक्षा पास झालेल्याला पूर्णवेळ एम.टेक.साठी महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, त्यात नाशकात खोली आणि मेस कशीबशी भागते, हे मी जाणून आहे. नोकरीचं म्हणाल तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, सवडीनं लिहीन. प्रत्येक लेखात सगळंच यायला हवं असा आग्रह धरला तर कुणी काही लिहायलाच नको.

माझ्या लेखाखाली मतभेद चालतात, दहा वर्षं चालत आलेत. पण 'प्रोफेसर साहेब' हे तुम्ही ज्या स्वरात लिहिलंत तो मला आयटीआय सिग्नलवर उभं राहूनही ऐकू आला असता. दुरुस्तीच्या खाली 'एका वाचकानं लक्षात आणून दिलं' असं लिहिलंय. खरं नाव कळवलंत तर तेही टाकीन.