'गुण्यागोविंदाने' हा शब्द मागे घेतलाय, बाकीचा लेख नाही

नमस्कार. तुमच्या कमेंटला खाली दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं असं, की कोचीवरचा माझा लेख म्हणजे टुरिझमचं ब्रोशर आहे, सगळे धर्म गुण्यागोविंदाने राहिले असं मी रंगवलंय आणि पोर्तुगीजांचे उद्योग गाळलेत. शिवाय, हे सगळं परक्यांचं कौतुक, यात आपलं काय?

पहिलं मान्य. कोचीतल्या मट्टनचेरी भागातला राजवाडा मी नुसता "सुंदर" म्हणून सोडून दिला. नाव डच पॅलेस, पण 1555 च्या सुमारास बांधला पोर्तुगीजांनी, आणि का तर देऊळ लुटल्यावर कोचीच्या राजाची समजूत काढायला, असं सांगतात. डचांनी नंतर फक्त डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचं चिकटलं! शेजारचं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1568 चं, राजाने वाड्याला लागून जागा दिली म्हणून उभं राहिलं. 1662 मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, कारण ज्यूंनी डचांना मदत केली होती. पुढच्याच वर्षी डचांनी कोची घेतलं. आणि तिथल्या जुन्या ख्रिश्चनांनी तर 1653 मध्ये मट्टनचेरीतच क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली की पोर्तुगीजांच्या या जेझुइट (कॅथलिक) पाद्र्यांचं आम्ही ऐकणार नाही, म्हणजे भांडण ख्रिश्चन विरुद्ध ख्रिश्चन असंही होतंच.

पण मला वाटतं तुम्हीही अर्ध्यावरच थांबलात. सगळा दोष पोर्तुगीजांच्या डोक्यावर टाकला की बाकीचे आपोआप साधे होतात, आणि तसं नाहीये. त्याच सिनगॉगमध्ये, जिथल्या हाताने रंगवलेल्या चिनी फरशांचा फोटो मी हौसेने टाकला होता, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बाकांवर बसायची परवानगी नव्हती, धर्म एकच, देव एकच, तरी बाहेरच्या खोलीत बसायचं. त्यांच्यातलेच अब्राहम बराक सालेम, पेशाने वकील, त्यांनी याविरुद्ध विसाव्या शतकात सत्याग्रह केला, तोही सिनगॉगच्या आत! लोक त्यांना ज्यू गांधी म्हणायचे. हे मूळ लेखात नव्हतं, ती माझी चूक.

राजाने सगळ्यांना आसरा दिला तोही काही निव्वळ मोठ्या मनाने नाही हो. कोळीकोडच्या सामुद्री राजाशी त्याचं वैर, मिऱ्याचा व्यापार पाहिजे, म्हणून जो जहाजं आणि पैसा आणेल तो आपला. मला यात वाईट काही दिसत नाही. हिशोबातून का होईना, वाड्यातल्या देवळाला आणि सिनगॉगला शेजार मिळाला.

आता "आपलं काय". अहो, पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं याच मट्टनचेरीत आली, चेरलाईला त्यांचं तिरुमल देवस्थान आहे, घरात कोंकणी आजही ऐकू येते. गुजराती, कच्छी मेमन व्यापारी आहेत ते वेगळेच. आणि डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या झाडापाल्यावर 'हॉर्टस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ करून घेतला, त्याला माहिती पुरवली इट्टी अच्युदन नावाच्या वैद्याने आणि रंगा भट, विनायक पंडित, आप्पू भट या तिघा कोंकणी मंडळींनी. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात आहे, कोंकणीत, देवनागरी अक्षरात, ॲम्स्टरडॅमला 1678 साली छापलेली! शिवराज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. यापेक्षा आपलं अजून काय पाहिजे?

असो. सालेम आणि क्रुसाच्या शपथेचा भाग मूळ लेखात टाकतेय, 'गुण्यागोविंदाने' उडवलंय. मासे धरायच्या चिनी जाळ्यांचा सूर्यास्तातला फोटो मात्र काढणार नाही, ब्रोशरसारखा वाटला तरी, कारण त्यासाठी दोन संध्याकाळी डास चावून घेतलेत.