‘त्यांनाच विचारा’ म्हणता? विचारलं होतं

परवा मावशीनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. ‘विकासविरोधी टोळीचा खरा चेहरा’ असं शीर्षक, खाली लाल बाण लावलेले मुद्दे, शेवटी ‘वीस जणांना पाठवा’. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. पोरांच्या निबंधात एखादं वाक्य नुसतं ठोकून दिलेलं असलं तर समासात ‘कशावरून?’ असं लिहिणारी. न वाचताच पुढं ढकललं असेल म्हणून फोन केला, तर म्हणाली, “अरे, पण पटण्यासारखं आहे की.” म्हणून हा खटाटोप.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. जल-जंगल-जमीनवाले, ग्रामसभावाले, सेंद्रिय शेतीवाले, सगळे एका माळेचे मणी. त्यांना आदिवासी लंगोटीतच ठेवायचाय. खुद्द आदिवासींना विचारा, त्यांना खाणी आणि कारखाने हवेत, पोरांना नोकऱ्या हव्यात. जंगल गावाच्या ताब्यात दिलं तर चार वर्षांत उजाड होईल. श्रीलंका सेंद्रियच्या नादानं बुडाली. जीडीपी वाढल्याशिवाय गरिबी हटत नाही. या सगळ्यांना परदेशातून पैसा येतो. आणि गडचिरोली यांनीच रोखून धरलीय.

‘खुद्द आदिवासींना विचारा’ हे वाक्य लिहिणाऱ्याला हुकमाचा पत्ता वाटला असणार. त्याला कुणीतरी सांगा की विचारून झालंय, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं.

ओडिशात नियमगिरी नावाची डोंगररांग आहे. माथ्यावर बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं कच्चं खनिज, पायथ्याशी लांजीगढला वेदांता कंपनीचा अॅल्युमिना कारखाना, आणि डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासींची वस्ती. नियमराजा हा त्यांचा देव त्याच डोंगराचा. खाणीचा वाद दिल्लीपर्यंत गेला. 18 एप्रिल 2013 रोजी न्यायालयानं सांगितलं की 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार तिथल्या लोकांचे वैयक्तिक, सामूहिक आणि धार्मिक हक्क खाणीमुळे बाधित होतात का, याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर बारा ग्रामसभा झाल्या. आता गंमत बघा. डोंगरावर आणि पायथ्याला गावं शंभराच्या वर. त्यातली ही बारा निवडली कुणी? खाण व्हावी म्हणून न्यायालयात भांडत होतं, त्याच राज्य सरकारनं. प्रश्नपत्रिका त्यांची, परीक्षा केंद्र त्यांचं, आणि तरीही बाराच्या बारा गावांनी ‘नाही’ म्हटलं. जानेवारी 2014 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खाणीला मंजुरी नाकारली. 2016 मध्ये राज्याच्या खाण महामंडळानं पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावलं, तिथंही हाती काही लागलं नाही.

आणि देशाचं अॅल्युमिनियम थांबलं का? नाही. लांजीगढचा कारखाना दुसरीकडून बॉक्साइट आणून चालूच राहिला. थांबली ती एका डोंगरावरची खाण.

कुणी म्हणेल, त्यांना भडकवलं. बाराही गावांत, न्यायिक अधिकाऱ्यासमोर, भोवती पोलिसांचा बंदोबस्त असताना? बरं, चिथावणीनंच माणसं बोलतात असं धरलं, तर मग ‘त्यांना विचारा’ हे वाक्य तरी कशाला लिहिलंत? उत्तर आपल्या मनासारखं आलं तरच विचारायचं, असा हा प्रकार आहे.

दुसरा मुद्दा जास्त विषारी आहे, म्हणून त्यावर अंमळ थांबतो. जंगल गावाला दिलं की उजाड होईल म्हणे. आपल्याकडे बांबू कुणी संपवला, एवढं जरी या लेखकानं शोधलं असतं तरी पुरलं असतं. 1975 च्या सुमारास कर्नाटकात बुरडांनी तक्रार केली की कागद गिरण्या बांबू संपवतायत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तपासाला गेले. गिरणीला बांबू टनाला 1.50 रुपये दरानं दिला जात होता, तेव्हा बाजारभाव होता 3,000 रुपये. म्हणजे जवळपास फुकट. फुकटचा माल कोण जपून वापरणार? पण वनखात्याचं म्हणणं, बांबू संपतोय तो गावकऱ्यांमुळे आणि त्यांच्या गुरांमुळे. प्रत्यक्षात काय होत होतं, तर खातं बांबूची बेटं ‘साफ’ करण्यासाठी बुडाशी असलेलं काट्यांचं जाळं काढून टाकत होतं. त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडातून वाचतात. हे गावकऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता आपल्या राज्यात या. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला, पण बांबू विकायला गेले तर वनखातं वाहतूक परवाना देईना. युक्तिवाद काय, तर 1927 च्या वन कायद्यात बांबू म्हणजे झाड. 2006 च्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून इतर जंगलमाल, असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असताना! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका गावाला स्वतःचा बांबू विकता यावा म्हणून एवढं सगळं करावं लागलं, आणि विकासाच्या आड कोण येतंय म्हणे, तर ग्रामसभा.

मग मेंढ्यानं जंगल कापून खाल्लं का? त्या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढं चालू राहते. तोडीचा निर्णयही त्यातूनच जातो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव तर याहून पुढं गेलं. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातली हुकमी रोकड. पण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, चांगली पालवी फुटावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, आणि शेवटी त्याची होते विडी. गावानं ते उत्पन्न सोडलं, बांबूवर भागवायचं ठरवलं, आणि जंगलाचा एक तुकडा देवाच्या नावानं राखून ठेवला. हातात आलेला नगद पैसा जंगलासाठी नाकारला, असं एखादं महामंडळ मला दाखवा.

सगळीच गावं अशी नाहीत, हे कबूल. कुठं ठेकेदार पैसे बुडवतो, कुठं हिशेबावरून गावात दोन तट पडतात. आणि बांबूचं काम वर्षाचे बारा महिने पुरत नाही. शिकलेल्या पोरापोरींना नोकरी हवी असते, आणि ती हवी असण्यात काही गैरही नाही. त्या मजकुरातलं एवढं एक वाक्य खरं आहे. पण पोराला नोकरी हवी आहे, यावरून गावाला डोंगर विकायचा आहे असा अर्थ काढणं ही लबाडी झाली.

श्रीलंकेचं. इथं मला थोडं नमतं घ्यावं लागतं, आणि ते घेताना चरफड होते, कारण सेंद्रियवाल्या आमच्याच काही मित्रांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. 2021 मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात जवळजवळ एका रात्रीत बंद केली. भात कोसळला, चहाला फटका बसला, नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागं घ्यावा लागला. तो मूर्खपणाच होता. पण देश त्यानं बुडाला का? 2019 चे बॉम्बस्फोट, त्यानंतर कोविड, दोन्हींत पर्यटन झोपलं. 2019 च्याच अखेरीस केलेल्या करकपातीनं तिजोरी रिकामी झाली. परकीय कर्जाचा डोंगर तर आधीपासूनचा. एप्रिल 2022 मध्ये त्या कर्जाची परतफेड थांबवावी लागली. खतबंदीनं पडत्या घराला आणखी एक धक्का दिला, एवढंच. शिवाय ती बंदी राष्ट्राध्यक्षांच्या एका फर्मानानं आली, शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे हे उदाहरण ग्रामसभेच्या विरोधात जातं की बाजूनं?

जीडीपीचा मुद्दा झटकन उरकतो. गरीब देशात उत्पन्न वाढायला हवं, हे कुणी नाकारत नाही. पण राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं कल्याण ठरवता येत नाही. उभं जंगल जीडीपीत जवळजवळ दिसतच नाही, तोडलं की दिसतं.

परदेशी पैसा? 1973 मध्ये ‘चिपको’ सुरू झालं ते गढवालमध्ये. शेतीची अवजारं करायला स्थानिक संस्थेनं अंगूची झाडं मागितली, ती नाकारली आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला दिली, म्हणून. पुढच्या वर्षी रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडांना भिडल्या. त्यांना कुठल्या दूतावासातून चेक आला होता, ते लेखकानं सांगावं.

राहिली गडचिरोली ‘रोखून धरल्याची’ ओरड. सूरजागडची लोहखाण चालू आहे. ज्या डोंगरावर आसपासच्या गावांची ठाकूरदेवाची जत्रा भरते, त्याच डोंगरावर. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव झाले, तरी ती चालू आहे. रोखून धरलं म्हणता ते नेमकं कुणी आणि काय, याचं एक तरी उदाहरण त्या लाल बाणांपुढे हवं होतं. मावशीला मी नियमगिरीच्या निकालपत्राची पीडीएफ पाठवली आहे.