पेठेतलं दुकान बंद पाडण्याचे घरगुती उपाय

पुण्याच्या पेठेतलं एखादं जुनं दुकान अजून चालू आहे आणि ते तुमच्या डोळ्यांत खुपतंय? काळजी नको. त्यासाठी मोर्चा लागत नाही, बिल्डरही लागत नाही. बसल्याबसल्या जमण्यासारखं आहे. मी परवाच बोहरी आळीत एक यशस्वी प्रयोग बघून आलो.

सुरुवात सोपी. शनिवारी संध्याकाळी चारचाकी काढून लक्ष्मी रोडला जा. पाऊण तास घिरट्या घाला आणि जागा मिळाली नाही की दुकानदारांना नावं ठेवा; त्यांनीच तर पेशव्यांना सांगून गल्ल्या अरुंद करून घेतल्या. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटात मेट्रो थांबते असं कुणी सांगितलं तर ‘हो का?’ म्हणा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गाडीच काढा. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला मात्र आवर्जून चालत जा. महापालिकेने २०२१ मध्ये लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करून हा दिन सुरू केला. रिकाम्या रस्त्यावर फोटो छान येतात. खरेदी नको.

‘एक ते चार बंद’चा विनोद आठवड्यातून एकदा तरी फॉरवर्ड करा.

आता मुख्य उपाय. याला जरा कसब लागतं. माझ्या कुकरची रिंग गेली. पाच लिटरचा कुकर, आतल्या झाकणाचा. ॲपवर मागवली, नऊ मिनिटांत आली, तीन लिटरची. दुसरी मागवली, ती बाहेरच्या झाकणाची निघाली. वर ‘ही वस्तू परत घेतली जात नाही’. शेवटी जुनी रिंग पिशवीत टाकून बोहरी आळी गाठली. तिथे कुकरच्या सुट्या भागांचं एक हातभर दुकान होतं. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर रिंगांच्या माळा. काका तुमची रिंग दोन अंगठ्यांवर ताणून बघायचे आणि मान वर न करता काठीने बरोबर ती माळ उतरवायचे. शिट्टी मागितली तर म्हणायचे, ‘नवी कशाला घेताय? नळीत सुई घाला, कचरा अडकला असेल.’ म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच घालवायचे.

शटर खाली होतं. शेजारचा स्टोव्ह दुरुस्तीवाला म्हणाला, ‘दिवाळीनंतर बंद केलं. लोक यायचे, रिंग दाखवायचे, माप विचारून घ्यायचे. मग इथेच काउंटरला टेकून मोबाइलवर ऑर्डर टाकायचे. वीस रुपये स्वस्त पडते ना!’ एक जण तर ऑनलाइन आलेली रिंग घेऊन आला, बसत नाही म्हणून. काकांनी ती बसवून दिली.

बसवून दिली! अहो, लाज नाही वाटली? ते माप काय आभाळातून पडलं होतं? जन्मभर त्या बोळात उभं राहून, शंभर कंपन्यांची झाकणं हाताळून ते डोक्यात बसलेलं. ते फुकट घ्यायचं आणि पैसे द्यायचे कुणाला, तर ज्याला झाकण आतलं की बाहेरचं हेसुद्धा कळत नाही त्याला! नऊ मिनिटांवालं ते ‘दुकान’ आमच्या कोथरूडच्या घराजवळच आहे. काचांना कागद चिकटवलेले, गिऱ्हाइकाला आत मज्जाव, फुटपाथभर गाड्या लावून ऑर्डरची वाट बघणारी पोरं. विचारा तिथे जाऊन, कुठली रिंग बसेल म्हणून. ती पोरं बिचारी धावतायत, त्यांना थांबून उत्तर द्यायलाही वेळ नाही.

पुढचा उपाय... जाऊ दे. पुरे झाले उपाय.

पहिली रिंग मीही ॲपवरच मागवली होती, माहीत आहे मला. म्हणून तर जास्त चिडलोय. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा चिखलात गेल्या. लोकांनी चिखल उपसून दुकानं पुन्हा उघडली. इथे चिखल नाही, पाणी नाही. नुसता आपला अंगठा.

आणि रविवारी हेच आपण मिसळ खायला गावात जाणार, तुळशीबागेत चक्कर मारणार, एकही पिशवी न भरता परत येणार आणि म्हणणार, ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही.’ कशी राहील? मजा काय नळाने येते? काकांच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं येणार आहेत म्हणे. तीही तुम्ही तिथे हाताळून बघाल आणि घरी येऊन ॲपवर मागवाल.

‘हरवलेलं पुणं’ म्हणून जुने कृष्णधवल फोटो मला पाठवू नका. पाठवलेत तर ब्लॉक करीन.