त्यांनी परत उभं का राहू नये?

पुण्यात आईबाबांच्या सोसायटीचा जो व्हॉट्सअप ग्रुप आहे त्यात मी अजून आहे, आणि गेला आठवडाभर तिथे एकच विषय चाललाय. २०१२ आणि २०१७ ला निवडून आलेले आमचे माजी नगरसेवक परत उभे राहतायत, १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी. झालं. "दोन टर्म पुरे की", "खुर्ची सुटत नाही यांची", "आता तरुणांना संधी द्या". त्यात माझ्या चुलतभावाने मुद्दाम मला टॅग करून विचारलं, तुमच्या कॅनडात असं चालतं का गं, तिकडे लोक स्वतःहून बाजूला होतात ना?

नाही होत. मी राहते त्या टोरंटोत काउन्सिलरला, म्हणजे इथल्या नगरसेवकाला, टर्मची काही मर्यादाच नाहीये. फ्रान्सिस नुन्झिआटा नावाच्या बाई १९८० च्या दशकापासून निवडून येतायत, आधी यॉर्क वेगळं शहर होतं तेव्हा तिथे, मग टोरंटोत, आणि त्या परत उभ्या राहिल्या की त्यांना कोणी हावरट म्हटलेलं मी ऐकलं नाहीये. लोकांना नको असेल तर लोक विरोधात मत देतात. २०२२ ला त्या जेमतेम शंभराच्या आतल्या फरकाने वाचल्या, चाळीसेक वर्षांचं नाव असून. मला ही पद्धत पटते. कोणी उभं राहायचं हे त्या माणसाने ठरवावं, कोणी बसायचं हे मतदाराने. पुण्यात आपण उलटं करतो, माणूस फॉर्म भरायच्या आधीच त्याला निर्लज्ज ठरवून मोकळे होतो आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून लोणावळ्याला जातो.

मला राग याचा येतो की ज्या गोष्टीवर एवढं बोलायला हवं होतं त्यावर या ग्रुपमध्ये जवळजवळ चार वर्षं कोणी अक्षर टाईप केलं नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेच्या २४३ यू कलमात स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्याकडे ओबीसी आरक्षणाची केस, मग एका सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग केला, दुसऱ्याने येऊन तो रद्द केला, तारखांवर तारखा, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दटावलं तेव्हा कुठे हे हललं. तोपर्यंत आयुक्तच प्रशासक, तेच मुख्य सभा, तेच स्थायी समिती, तेच बजेट मांडणार आणि तेच मंजूर करणार. या काळात तीन आयुक्त झाले. एकाची बदली झाली की दुसरा. बदली होऊन गेलेल्या आयुक्ताला तुम्ही मत मागायला दारात उभं करू शकता का? नगरसेवकाला करू शकता, म्हणून तर तो परत उभा राहतोय ही चांगली गोष्ट आहे. जो परत मत मागायला येतो तोच हिशेब द्यायला येतो, ज्याला यायचंच नाही त्याला तुम्ही काय विचारणार.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी शिरलं, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, तेव्हा तिथे एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. जानेवारी २०२५ ला जीबीएसची (गुलेन बॅरी, नसांचा आजार) साथ आली ती नांदेड, किरकटवाडी भागात, आणि ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेल्या २३ गावांपैकी. म्हणजे त्या लोकांनी महापालिकेसाठी तोपर्यंत एकदाही मतदान केलेलं नव्हतं. टॅक्सची बिलं मात्र महापालिकेची. याच्यावर कोणाला "हाव" दिसली नाही.

तिकडेच सगळं वाईट आणि इकडे रामराज्य असं मी म्हणत नाहीये. २०१८ ला इथे प्रचार चालू असताना डग फोर्डच्या प्रांतिक सरकारने टोरंटोच्या काउन्सिलरांची संख्या ४७ वरून २५ वर आणली, उमेदवारांचे वॉर्ड पायाखालून गेले, आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. वरच्या सरकारने खालच्याचे वॉर्ड कापायचे हे दोन्हीकडे सारखंच. पण तारीख! तारीख हलली नाही. ऑक्टोबरमध्ये मतदान म्हणजे ऑक्टोबरमध्ये मतदान. इथे शिकण्यासारखं काही असेल तर ते हे आहे, आणि ग्रुपमधले लोक मला विचारतात ते "तिकडे स्वच्छ असेल ना गं सगळं".

मग शिंदेकाका (नाव बदललंय) लिहितात, "लांबून बोलायला काय जातं, नगरसेवकाने काय केलं ते आम्हाला विचार". हे वाक्य मला लागतं. म्हणून सांगतेच मी का बोलते ते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आईबाबा तिथून जवळच, तळमजल्यावर. इथे दुपार होती, मी ऑफिसच्या जिन्यात व्हिडिओ कॉलवर, आणि बाबा मला पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीपर्यंत आलेलं पाणी दाखवत होते, आवाज एकदम शांत, म्हणजे घाबरल्यावर त्यांचा होतो तसा. मग अंधारात टॉर्च दिसले. नगरसेवकांची पोरं होती, कमरेला दोर बांधून, त्यातल्या एकाने आईला अक्षरशः पाठीवर घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावर जोश्यांकडे नेऊन सोडलं. नगरसेवक स्वतः गेटपाशी छातीभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, कोणाला कुठे न्यायचं ते. मी ते सगळं पाच इंचाच्या स्क्रीनवर पाहिलं. त्या रात्री तिथे जो असायला हवा होता तो मी होते, आणि मी नव्हते. त्या माणसाला कोणी काही बोललं की मला जे होतं ते राजकारण नाही, मला माहितीये.

पण शिंदेकाकांचा मुद्दा खोटा नाही. ओढ्यात भिंती घालून पात्र अरुंद केलं तेव्हा परवानग्या कोणी दिल्या, कोणी डोळेझाक केली? पुरानंतर ओढ्याच्या सीमाभिंतीचं काम इतकं का रखडलं? २०१७ ते २०२२ हेच तर सभागृहात होते. 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या निधीतून, बाकडी, कापडी पिशव्या, नावाचे फलक हे सगळं वेळेवर झालं, प्रत्येक बाकाच्या पाठीवर संकल्पना म्हणून त्यांचं नाव आहे, बाबा रोज संध्याकाळी त्या नावाला टेकून बसतात. भिंतीसाठी तेवढा जोर लावला का? हे विचारायलाच हवं. पण ते उभे राहिले तर विचारता येईल ना! "आता पुरे" म्हणून घरी बसवलं की ते सुटले आणि त्यांच्या जागी जो येईल तो म्हणेल, ते माझ्या आधीचं.

आणि चार सदस्यांचा प्रभाग. २०१२ ला दोन होते, २०१७ ला चार केले, आत्ताही चारच, शहरातल्या एका प्रभागात तर पाच. चौघांचं काम ते कोणाचंच नाही. ड्रेनेज तुंबलं तर एक म्हणतो हा भाग अ गटाच्या (प्रभागातल्या चार जागा अ ते ड) ताईंकडे, ताई म्हणतात क गटाला विचारा. इथे मी बर्फ काढायचा राहिला म्हणून ३११ या पालिकेच्या हेल्पलाइनला कळवते आणि जमलं नाही तर काउन्सिलरच्या ऑफिसला मेल टाकते, वॉर्डाला एकच माणूस आहे, पळणार कुठे. तुम्हाला सुधारणाच मागायची तर एक वॉर्ड एक नगरसेवक मागा. मुंबईत आहे, पुण्याला का नको?

आता माझं. मी पीआर, म्हणजे कायमची रहिवासी आहे, पासपोर्ट अजून भारताचाच. त्यामुळे टोरंटोत मला मत नाही. पीआरना पालिकेत मत द्यावं असं २०१३ मध्ये काउन्सिलनेच प्रांताला सुचवलं होतं, प्रांताने काही केलं नाही. प्रॉपर्टी टॅक्स मी भरते, ग्रीन बिन मी बाहेर ठेवते, लॉनवर कोणाचा बोर्ड लावू का म्हणून पोरं दार वाजवतात आणि मी सांगते मला मत नाहीये, तर ती सॉरी म्हणून पुढच्या घरी जातात. आणि पुण्यात बूथवर स्वतः हजर राहिल्याशिवाय मत नाही. जानेवारीत मुलाची शाळा, नवऱ्याची शिफ्ट, नाही जमत. नागरिकत्वाचा फॉर्म भरता आला असता कधीच, पण ते मिळालं की भारताचं नागरिकत्व आणि यादीतलं नाव जाणार, आणि ते नाव मला सोडवत नाही. माझी खुर्ची म्हणायची तर ती एवढीच.

गेल्या रविवारी नगरसेवकांचा कार्यकर्ता मतदार यादी घेऊन घरी आला होता. बाबांनी त्याला माझं नाव शोधायला लावलं. आहे, कॉलेजातल्या फोटोसकट. मी बाबांना म्हटलं, चहा द्या त्यांना, पाठीवरून नेलेलं विसरू नका, पण साहेब येतील तेव्हा सीमाभिंतीचं विचारा, तारीख विचारा, सगळ्यांसमोर विचारा. बाबा म्हणाले, विचारतो, आणि उत्तर नीट आलं तर एक मत त्यांनाच देणार. उरलेल्या तीन मतांचं मला विचारत होते, आणि त्या बाकीच्या उमेदवारांतलं एकही नाव आम्हा दोघांना माहीत नव्हतं.