‘पॅरेंट’ लिहिलं म्हणजे वारसा झाला, हे खरं नाही

स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क; त्याचा कंटेनर जे ऑब्जेक्ट बनवतो आणि सांभाळतो त्यांना बीन म्हणतात. ते नव्याने शिकणाऱ्याला एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ‘बीनच्या व्याख्येत पॅरेंट लिहिणं म्हणजे जावातलं एक्स्टेंड्स. टाइपने बीन मागितला की कंटेनर वारशाच्या झाडात बघतो आणि सगळ्यात जवळचा ऑब्जेक्ट देतो. जेनेरिक्स (टाइपला कोनी कंसात दिलेले टाइप) तर रनटाइमला पुसलेच जातात, त्यामुळे बीन निवडताना त्यांचा काही उपयोग नाही.’ ऐकायला सुटसुटीत आहे, म्हणूनच लोकांच्या डोक्यात घट्ट बसतं. पण यातलं एकही वाक्य तपासणीत टिकत नाही, आणि त्यावर भिस्त ठेवून लिहिलेला कोड अपग्रेडच्या वेळी फार त्रास देतो.

आधी पॅरेंटचं बघू. एक्सएमएल कॉन्फिगरेशनमधल्या बीनला पॅरेंट म्हणून दुसरी व्याख्या दिली की त्या पॅरेंट व्याख्येतली कंस्ट्रक्टर आर्ग्युमेंट्स, प्रॉपर्टींच्या किमती, इनिट मेथड अशा गोष्टी चाइल्डला मिळतात. म्हणजे सेटिंग्ज मिळतात, टाइपचं नातं मिळत नाही. चाइल्डने स्वतःचा क्लास दिला नसेल तर पॅरेंटचा वापरला जातो, एवढंच. दिला असेल तर तो पॅरेंटच्या क्लासचा सबक्लास असण्याची गरज नाही. पॅरेंटने दिलेल्या प्रॉपर्टी त्याला घेता आल्या की झालं. समजा एका बीनचा क्लास एफटीपीक्लायंट आहे आणि त्यात होस्ट व टाइमआउट भरलेत. त्याला पॅरेंट करून एचटीटीपीक्लायंटचा बीन बनवा. दोन्ही क्लासमध्ये ते दोन सेटर असले की बीन बिनतक्रार तयार होतो. पण एफटीपीक्लायंट टाइपने मागाल तर हा चाइल्ड कधीच हाती लागणार नाही. त्याहून स्पष्ट पुरावा म्हणजे पॅरेंटला क्लास न देता, फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अशी खूण करून ठेवता येतं. ज्या व्याख्येला स्वतःचा टाइपच नाही, ती दुसऱ्या कुणाचा सुपरटाइप कशी होणार? आणि सेटिंग्जही सरसकट उतरत नाहीत: डिपेंड्स-ऑन, ऑटोवायर मोड (कंटेनरने अवलंबित्वं स्वतः कशी भरायची), लेझी-इनिट हे कायम चाइल्डचंच धरलं जातं.

आता ‘सगळ्यात जवळचा मिळतो’ हा भाग. कार्डपेमेंट हा क्लास आणि त्याला एक्स्टेंड करणारा ईएमआयकार्डपेमेंट, दोन्ही बीन म्हणून नोंदवा. कार्डपेमेंट टाइपने गेटबीन (कंटेनरकडे बीन मागणारी मेथड) केलं तर कंटेनरसमोर दोन उमेदवार येतात, आणि वारशातलं अंतर तो मोजतच नाही. प्रायमरीसारखी खूण किंवा प्रायॉरिटी दिलेली नसेल तर नो-युनिक-बीन-डेफिनिशन एक्सेप्शन येतं, म्हणजे एकच बीन ठरवता आला नाही अशी एरर. मग लोकांना ‘जवळचा’ मिळाल्याचा अनुभव येतो तो कुठून? ऑटोवायर्ड, म्हणजे कंटेनर स्वतः भरतो त्या फील्डचं नाव कार्डपेमेंट असतं आणि बीनचंही तेच असतं. उमेदवार एकापेक्षा जास्त उरले की स्प्रिंग नाव जुळतंय का ते बघतो. त्या फील्डचं नाव नुसतं ‘पेमेंट’ करून बघा, तोच कोड सुरू होताना पडेल. कंस्ट्रक्टरच्या पॅरामीटरचंही असंच. स्प्रिंग ६.१ पासून पॅरामीटरची नावं हवी असतील तर जावा कंपायलरला पॅरामीटर्स हा पर्याय द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर वर्षानुवर्षं चाललेली वायरिंग अचानक तुटते आणि खापर नव्या आवृत्तीवर फुटतं. क्वालिफायर, म्हणजे कोणता बीन हवा ते नावाने सांगणारी खूण, लिहून ठेवला असता तर ही वेळच आली नसती.

दाव्यात खऱ्याचा अंश सापडतो तो एकाच ठिकाणी, कॉन्टेक्स्टच्या, म्हणजे एकाखाली एक लावलेल्या कंटेनरच्या उतरंडीत. चाइल्ड कॉन्टेक्स्टला टाइपने बीन मागितला आणि तिथे एक सापडला, तर गेटबीन पॅरेंट कॉन्टेक्स्टकडे जात नाही. पण ऑटोवायरिंग दोन्ही पातळ्यांवरचे उमेदवार गोळा करतं, आणि गेटबीन्सऑफटाइप (त्या टाइपचे सगळे बीन देणारी मेथड) वरच्या पातळीकडे ढुंकूनही बघत नाही. एकाच प्रश्नाला तीन रस्त्यांनी तीन उत्तरं मिळत असताना ‘जवळचा मिळतो’ हा नियम म्हणून सांगणं चूक आहे.

जेनेरिक्सचा मुद्दा लवकर आटोपतो. क्लासच्या घोषणेत, फील्डवर आणि मेथडच्या सिग्नेचरमध्ये लिहिलेले टाइप आर्ग्युमेंट्स क्लास फाइलमध्ये शिल्लक राहतात. स्प्रिंग ४.०, म्हणजे २०१३ पासून, ते क्वालिफायरसारखे वापरतो. ऑर्डरची रिपॉझिटरी मागितली तर ग्राहकाची मिळत नाही.

या दाव्याने झाकलेली खरी अडचण वेगळीच आहे: कंटेनरला टाइप कधी कळतो? बीन मेथडचा (बीन बनवून परत देणाऱ्या मेथडचा) रिटर्न टाइप ‘कॅश’ हा इंटरफेस आहे, पण आतून परत येणारा ऑब्जेक्ट ‘रिफ्रेशेबल’ हाही इंटरफेस पाळतो असं समजा. बीन प्रत्यक्ष तयार होईपर्यंत कंटेनरला फक्त ‘कॅश’ दिसतो. त्याआधी दुसऱ्या कुणी सगळ्या रिफ्रेशेबल बीन्सची यादी मागितली, तर हा बीन त्यात नसतो. बाकीचे असतात, त्यामुळे एररही येत नाही, यादी फक्त एकाने कमी भरते. बीन आधी तयार झाला असता तर तो यादीत दिसला असता. म्हणजे उत्तर घोषणांच्या क्रमावर अवलंबून! माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार हाच, कारण लॉगमध्ये काहीच उमटत नाही. प्रॉक्सीचं, म्हणजे मूळ ऑब्जेक्टच्या जागी उभ्या राहणाऱ्या ऑब्जेक्टचं, तरी तसं नाही: जावाची स्वतःची जेडीके प्रॉक्सी फक्त इंटरफेस पाळते, तिच्यामागचा ठोस क्लास टाइपने मागितलात तर अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही.

म्हणून बीन मेथडचा रिटर्न टाइप शक्य तितका नेमका लिहावा, असं स्प्रिंगचं स्वतःचं दस्तऐवजही सांगतं. ‘कोड इंटरफेसवर लिहा’ हा सल्ला यावर आक्षेप म्हणून पुढे केला जातो, पण तो बीन वापरणाऱ्यासाठी आहे. वापरणाऱ्याने फील्डवर खुशाल ‘कॅश’ लिहावं. बनवणाऱ्या मेथडने मात्र आपण नक्की काय बनवतोय ते कंटेनरला आधीच सांगायला हवं, कारण त्या क्षणी त्याच्याकडे दुसरी काहीच माहिती नसते.