महिन्याला पस्तीस दिवस पाऊस

माझा जन्म आंबोलीचा. पावसाच्या बाबतीत आम्ही आंबोलीकर जरा माजोरडेच. सात हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस डोक्यावर घेऊन शाळेत गेलेली माणसं. आम्हाला कोणी पाऊस सांगू नये. त्यामुळे फुकुओकाला नोकरी करणारी लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, जूनमध्ये याकुशिमाला जायचंय, रेनसूट भाड्याने घ्यावा लागेल," तेव्हा मी नुसता हसलो आणि माझी दांड्याची छत्री दाखवली.

याकुशिमा हे जपानच्या दक्षिणेकडचं बेट. कागोशिमाहून वेगवान बोटीने दोनेक तास. गोल, ग्रॅनाइटचं, आणि समुद्रातून थेट 1,936 मीटरवर चढलेलं. ओले ढग येतात, या डोंगरावर आपटतात आणि तिथेच रिकामे होतात. वरच्या भागात वर्षाला आठ ते दहा हजार मिलिमीटर. इथे महिन्याला पस्तीस दिवस पाऊस पडतो असं जपानी लोक म्हणतात. हिशोबाची चूक असेल असं मला वाटलं होतं.

बघायचं होतं ते जोमोन सुगी नावाचं झाड. सुगी म्हटलं की माझ्या कानाला भाताची कापणी ऐकू येते, पण जपानीत सुगी म्हणजे सायप्रसच्या जातकुळीचं एक सूचिपर्णी झाड. हजार वर्षं पार केली तरच त्याला 'याकुसुगी' हा मान. त्याच्या आतली ती कोसुगी, म्हणजे छोटी सुगी.

"म्हणजे साडेनऊशे वर्षांची झाली तरी बाळच!" ही म्हणाली.

पहाटे तीनला उठलो, पाचची बस पकडली आणि उजाडता उजाडता आराकावाच्या वाटेला लागलो. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, दहा तास. हे आकडे लेकीने मला बस सुटल्यावर सांगितले.

पहिले आठ किलोमीटर रुळांवरून. लाकूडतोडीसाठी 1923 साली टाकलेला हा छोटा लोहमार्ग. ज्याने त्याचे स्लीपर बसवले त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. दोन स्लीपरमधलं अंतर असं, की एक पाऊल टाकावं तर जवळ पडतं, दोन टाकावीत तर खडीत जातं. मी लंगडीच्या खेळाडूसारखा चाललो होतो. पुढे रुळांमध्ये फळ्या आल्या, तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. वाटेत कोसुगीदानी लागलं. इथे लाकूडतोड्यांचं गाव होतं, शाळासुद्धा. 1970 साली सगळे उतरून गेले. आता नुसतं शेवाळ. दगडावर, पायऱ्यांवर, आणि पाच मिनिटं टेकलो असतो तर माझ्यावरही.

पाऊस सातला सुरू झाला. आमचा पाऊस वरून पडतो. हा बाजूने आला, खालून आला. छत्री तिसऱ्या झोताला उलटी झाली आणि तिच्यात पाणी साठू लागलं. लेक काही बोलली नाही. सॅकमधून तिने माझ्या मापाचा रेनसूट काढला. भाडं आधीच भरलेलं होतं!

आणखी एक वस्तू माझ्या सॅकमध्ये होती, जिने मला दिवसभर छळलं. रूळ संपतात तिथे शेवटचं शौचालय. त्यापुढे जंगलात घाण करायची नाही, म्हणून प्रत्येकाने पोर्टेबल टॉयलेटची पिशवी न्यायची. वाटेत आडोशाची खोपटी आहेत. तिथे काम उरकायचं आणि पिशवी स्वतःच्या पाठीवरून खाली आणायची. साठीच्या माणसाला सकाळी दोन कप चहानंतर हे ऐकवणं म्हणजे क्रौर्य आहे. मी त्यानंतर पाण्याचा घोट घेतला नाही. नको तिथे पाणी तसंही कमी नव्हतं.

रूळ संपल्यावर चढण. विल्सनचं खोड आलं. विल्सन नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1914 साली इथे आला होता, त्याचं नाव. झाड कधीच तोडलेलं. उरलेल्या बुंध्यात खोलीएवढी पोकळी, छोटं देऊळ, एक झरा. एका ठरावीक कोपऱ्यात वाकून वर बघितलं की आकाश बदामाच्या आकाराचं दिसतं. तरुण जोडपी रांगेत होती. आम्हीही उभे राहिलो. मी वाकलो, बदाम दिसला, आणि कमर तिथेच धरली. हिने मला सरळ केलं. इतका प्रेमाचा क्षण बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

अकरा वाजता जोमोन सुगी. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून लांब लाकडी मंच बांधलाय, तिथूनच दर्शन. घेर 16.4 मीटर, उंची 25.3. वय 2,170 ते 7,200 वर्षांच्या दरम्यान. गाभा पोकळ, त्यामुळे मोजणार कसं? इतकं लवचीक वय मी फक्त लग्नाच्या स्थळांत पाहिलंय. एकेकाळी इथली माणसं भाताऐवजी छपराच्या फळ्या देऊन सारा भरत. सरळसोट झाडं कुऱ्हाडीखाली गेली. हे गाठींचं, वेडंवाकडं, फळ्या न निघणारं, म्हणून राहिलं.

धुक्यात आधी काहीच दिसेना. मग सुरकुत्यांचा करडा बुंधा हळूहळू पुढे आला, आणि गप्प बसवणारं असं काहीतरी त्यात होतं. हिने चपला काढायला वाकल्यासारखं केलं, मग बूट असल्याचं आठवून नुसते हात जोडले.

संध्याकाळी दुकानात निथळता रेनसूट परत दिला. मालकीणबाई वाकून काहीतरी म्हणाल्या. लेकीने सांगितलं, "आज हवा चांगली मिळाली म्हणतायत."

खोलीत पाय गरम पाण्यात सोडून बसलो होतो तेवढ्यात आंबोलीहून भावाचा फोन. "हय पाऊस नुसतो लागलोहा रे, तुका काय सांगू! थय आसा काय पाऊस?"

"आसा," मी म्हटलं. "थोडोसो."