‘एव्हीएम म्हणजे टाइमबॉम्ब’ हा मेसेज पुढे पाठवू नका

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता, म्हणजे एव्हीएम, मोबाइलमुळे होतो. तो टाइमबॉम्ब आहे, सापडताच ऑपरेशन करा. गामा नाइफने तो एका दिवसात जातो. घरातल्या सगळ्यांचा एमआरआय काढा.’ आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या मुलाला हेच निदान झालंय. मेसेज वाचल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, टेक्निशियन आहे, म्हणून त्यांनी मला गाठलं. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

मोबाइलचं आधी संपवते. कुशिंग आणि डँडी या सर्जननी या विकृतींवर १९२८ सालीच लिहून ठेवलंय.

‘टाइमबॉम्ब’ हा शब्द मात्र घातक आहे. अँजिओग्राफीत डाय सोडला की आधी धमन्या काळ्या दिसतात आणि काही सेकंदांनी शिरा. एव्हीएममध्ये धमनीपाठोपाठ लगेच शीर भरते, कारण मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमनीचा दाब थेट शिरेवर येतो, म्हणून ती फुटू शकते. धोका खरा आहे. पण न फुटलेल्या गुंत्यात तो वर्षाला साधारण २ टक्के असतो. ‘अरूबा’ या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत असेच, न फुटलेल्या गुंत्याचे, २२३ रुग्ण होते. २०१४ साली निष्कर्ष आले: फक्त औषधोपचार घेणाऱ्यांपैकी १०.१ टक्के लोकांना पक्षाघात किंवा मृत्यू आला, गुंत्यावर उपचार केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. या चाचणीवर आक्षेपही आहेत, आणि ते मला रास्त वाटतात: रुग्णांवर सरासरी ३३ महिनेच लक्ष ठेवलं होतं, तरुण माणसापुढे तर अख्खं आयुष्य असतं. म्हणूनच गुंत्याचा आकार, जागा आणि रक्त कुठल्या शिरेत उतरतं हे पाहून न्यूरोसर्जन ठरवतात. एकदा रक्तस्राव झालेल्या गुंत्याचा हिशेबच वेगळा.

गामा नाइफचे किरण एका दिवसात देऊन होतात, हे खरं. पण वाहिन्या आतून जाड होत बंद पडायला २-३ वर्षं लागतात, आणि तोवर रक्तस्रावाची भीती राहतेच.

सगळ्यांच्या एमआरआयचीही गरज नाही. २०१८ मध्ये अनेक रुग्णांच्या गुंत्यातल्याच पेशींत ‘केरास’ जनुकातला बदल सापडला. तो वारशाने आलेला नव्हता. घरात अनेकांना वारंवार घोळणा फुटत असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, असे गुंते होणारा तो एक आनुवंशिक आजार असू शकतो.

आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही: निदान झालेल्या माणसाचं डोकं अचानक असह्य दुखलं, फिट आली, हातपाय लुळे पडले, तर १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन व न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात तडक न्या.